आखाजीपर्यंत

लोटनभाऊंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली नसती तर मला ती नोंद कधीच दिसली नसती. टाइम ऑफिसात मी बसले होते ती खुर्ची एका बाजूला कलत होती, त्यामुळे मी डाव्या पायावर भार देऊन बसले होते. मांडीवर लसीकरणाचं कार्ड आणि वकिलाने करून दिलेला दत्तकपत्राचा मसुदा. बाळ शेजारच्या बेबाबाईंकडे ठेवून दोन तासांसाठी आले होते. त्यातली चाळीस मिनिटं रिक्षात गेली होती. लोटनभाऊ गेली सव्वीस वर्षं या कंपनीतल्या सगळ्यांच्या रजा लिहीत आले आहेत. कोणाच्या घरी कोण कधी वारलं हे त्यांना त्या त्या घरच्यांपेक्षा अचूक आठवतं. ते म्हणाले, "मॅडम, दत्तकाची रजा बारा आठवडे. कायद्यात आहे, कंपनीच्या नियमांत आहे, मी नाही म्हणणारा कोण? पण नोंदणीचं दत्तकपत्र लागतं, आणि बाळ तीन महिन्यांचं व्हायच्या आत लागतं. तुमची साठलेली रजा सतरा तारखेला संपते. लॅबमध्ये पाइपाचा एक तुकडा सर्टिफिकेटशिवाय सोडत नाही तुम्ही, आणि स्वतःचा कागद ठेवला मागे." मी म्हटलं, येत्या रविवारी गावी जाऊन सह्या घेणार आहोत. "घ्या, घ्या. आणि साहेबांनी स्वतःची का नाही घेतली? आपल्याकडे बापालाही सात दिवस आहेत. कोणी घेत नाही, लाजतात गडी. थांबा, बाळ आणायच्या दिवशी त्यांनी काय टाकलंय बघू, बदलता आलं तर बदलून देतो." त्यांनी प्रेमराजचा, माझ्या नवऱ्याचा, कर्मचारी क्रमांक टाकला, चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून मोठ्याने वाचलं. "एक फेब्रुवारी. किरकोळ रजा, एक दिवस. कारण, पुतणीचे बारसे." मग ते हसले. "घ्या. स्वतःच्या पोरीचं बारसं आणि माणूस पुतणीचं लिहितो. डिस्पॅचवाल्यांचं असंच, माल कोणाचा अन् चलन कोणाचं."

मीही हसले. हसणं संपल्यावर माझा चेहरा त्याच स्थितीत थोडा वेळ राहिला, हे मला जाणवलं. बाहेर आले तेव्हा पाइप तयार होतात त्या एक्स्ट्रुजन शेडमधून गरम प्लास्टिकचा तो ओळखीचा, किंचित गोडसर वास येत होता. नऊ वर्षं हा वास माझ्या ओढणीत आहे. बाळ आल्यापासूनच्या अडतीस दिवसांत तो निघून गेला होता आणि त्याच्या जागी दुधाच्या पावडरीचा वास आला होता. गेटपर्यंत चालताना मी स्वतःला समजावत होते, की एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. आमच्या लॅबमध्ये पाइपाचा तुकडा ऐंशी अंशांच्या पाण्यात, दाबाखाली ठेवतात. एक तुकडा फुटला म्हणून सगळी बॅच नापास होत नाही. तुकडा कापताना चरा पडला असेल, टोपण नीट बसलं नसेल. आणखी तुकडे घ्यायचे, पुन्हा लावायचे, वाट पाहायची. प्रेमराजने तो अर्ज एकोणतीस जानेवारीला भरला होता, तारीख खाली बारीक अक्षरात होती. त्या दिवशी ती कायद्याने पुतणीच होती. घाईत, नेहमीच्या सवयीने लिहिलं असेल. किंवा दत्तक लिहिलं तर ऑफिसात दहाजण विचारतील, म्हणून टाळलं असेल. ही दोन्ही कारणं पटण्यासारखी होती. तिसरं एक कारण होतं, त्याला मी नाव देत नव्हते. पण रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी दोन्ही हातांनी मसुद्याची फाइल पोटाशी धरली आहे.

माझ्या शरीराचा इतिहास कोणाला हवा असेल तर तो लोटनभाऊंच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. दोन हजार एकोणीस, जुलै, बेचाळीस दिवस. दोन हजार बावीस, नोव्हेंबर, बेचाळीस दिवस. मूल झालं तर सव्वीस आठवडे, दत्तक घेतलं तर बारा, पोटातच गेलं तर सहा. हे आकडे मला पाठ आहेत. ज्यांनी कोणी ते ठरवले त्यांनी काहीतरी मोजूनच ठरवले असतील, असं मला वाटायचं. पहिल्या वेळी सहा आठवडे मला जास्त झाले, चौथ्याच आठवड्यात कामावर जावंसं वाटत होतं. दुसऱ्या वेळी एकविसावा आठवडा होता. नर्सने विचारलं होतं, बघायचं का. मी नाही म्हटलं. ज्या गोष्टी मी मोजल्या नाहीत त्यांत ती एक आहे. त्यानंतर डॉक्टरांनी, पुन्हा प्रयत्न करू नका, असं सांगितलं. ते माझ्याकडे न बघता प्रेमराजकडे बघून बोलत होते. त्या हिवाळ्यात मी कामावर जायचे, बाकी काही करत नव्हते. प्रेमराज डिस्पॅचमधून सुटला की लॅबच्या दाराशी येऊन उभा राहायचा. आत यायचा नाही. काचेतून मी पाण्याच्या टाकीवर वाकलेली दिसायचे, तो वाट पाहायचा. मोटारसायकलवर मागे बसल्यावर त्याच्या स्वेटरला गाल लावला की ऊब लागायची, आणि मला वाटायचं की या एका माणसाला सगळं माहीत आहे, याला काही सांगावं लागत नाही.

मागच्या दिवाळीत पिंपळनेरला गेलो तेव्हा माझी मोठी जाऊ कोकिळा सहा महिन्यांची गरोदर होती. तिला मी अक्का म्हणते. तिला बारा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. हे तिसरं न ठरवता राहिलं होतं आणि छत्तिसाव्या वर्षी तिला त्याची लाजच वाटत होती. माझ्यासमोर ती पदर पोटावर ओढून घ्यायची. मला नजर देत नव्हती, जणू माझी एखादी वस्तू तिच्याकडे चुकून आली आहे. पाडव्याच्या सकाळी, स्वयंपाकघरात, पुरण वाटता वाटता माझ्या सासूबाई म्हणाल्या, "कोकिळाले दोन शेतस. हाई तिसरं पुनमनं. घरनं पोर घरमाच राही." पाट्यावर वरवंटा तेवढा चालत राहिला. दारात प्रेमराज उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली. ते वाक्य मी पुढचे तीन महिने मनात घोळवत होते. घरनं पोर घरमाच राही. तेव्हा ते मला किती मायेचं वाटलं होतं. आता रिक्षात, खड्ड्यांवरून उडत जाताना, मी ते वाक्य पुन्हा ऐकलं आणि त्यात फक्त पत्ता होता. कुठलं घर, ते मी विचारलं नव्हतं.

बारसं बाराव्या दिवशी झालं. नणंदेने कानात नाव सांगितलं, रेवा. बायकांनी घुगऱ्या वाटल्या. मग सासूबाईंनी पाळण्यातून बाळ उचललं, माझ्या पदराचा झोळ करायला लावला आणि नारळ, खण, तांदूळ यांबरोबर तिला माझ्या ओटीत घातलं. तांदूळ तिच्या दुपट्यात शिरले होते. जळगावला पोचल्यावर मी तिचे कपडे काढले तेव्हा काखेत एक दाणा चिकटलेला निघाला. तो मी टाकून देऊ शकले नाही. ओटीत घातलं की झालं, गावात यापलीकडे कोणी जात नाही. आमच्या भाऊबंदांत दोन जण असेच दिलेले आहेत. ते ज्या घरी वाढले त्याच घरचे झाले, आणि त्यांचा कागद कोणी पाहिलेला नाही. अक्का त्या वेळी तिथे नव्हती. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. निघताना मी दारावर हात ठेवून म्हटलं, अक्का, येते. आतून ती म्हणाली, "मान सांभाळजो तिनी, कवळी शे." ते दुःख होतं हे मला कळत होतं. मी त्या दुःखाची ऋणी होते. मला वाटलं, देणाऱ्याचं दुःख असंच असणार.

त्या संध्याकाळपासून मी प्रेमराजला काही विचारलं नाही, फक्त बघत राहिले. लॅबमध्ये शिकलेली गोष्ट ही, की मोजमाप चालू असताना टाकीला धक्का लावायचा नाही. सहा दिवस मी बघितलं आणि आधीचे अडतीस आठवले. पाळणा घ्यायचा विषय मी दोनदा काढला होता. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, झोळी बरी, झोळीत मुलं छान झोपतात, आणि बेबाबाईंकडून मागून आणली होती. पावडरीचा मोठा डबा स्वस्त पडतो, तरी तो लहानच आणायचा. त्याच्या फोनमध्ये तिचे फोटो होते, खूप होते, रात्री तो ते बघत बसायचा. पण ऑफिसच्या ग्रुपवर एकही टाकला नव्हता. आणि कॅलेंडर. कॅलेंडरवर पंचवीस एप्रिलला त्याने निळ्या पेनाने गोल केला होता. तुझी रजा नेमकी कोणत्या तारखेपर्यंत, असं त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मी दत्तकाच्या रजेचे बारा आठवडे धरून सांगितल्यावर त्याने बोटांवर ते मोजून माझा हिशोब तपासला होता. मला तेव्हा हसू आलं होतं. एवढं बारकाईने काळजी करणारा नवरा. रजेनंतर तिला कोणाकडे ठेवायचं, पाळणाघर बघायचं का, असं मी विचारलं की तो म्हणायचा, तेव्हाचं तेव्हा. यातली कुठलीही एक गोष्ट घेतली तर तिला अर्थ नव्हता. मी त्या सगळ्या एकाशेजारी एक ठेवत होते आणि मधूनच, तिला खांद्यावर घेऊन ढेकर काढताना, माझा हात तिच्या पाठीवर थांबून राहायचा. ती चिडायची. तिला एकसारखी थाप लागायची, दर सेकंदाला एक.

रविवारी सकाळी निघालो. एरंडोल, पारोळा, मग धुळे. मार्चचा मध्य असूनही दहालाच काच तापली होती. मी मागच्या सीटवर तिला घेऊन बसले होते. दोन बाटल्या उकळून पिशवीत ठेवल्या होत्या, तिसरी भरत होते तेव्हा तो म्हणाला होता, "एवढ्या कशाला?" मी म्हटलं, दीडशे किलोमीटरच्या वर आहे. तो म्हणाला, "हो, पण तिथे..." आणि गाडी काढायला गेला. धुळ्याच्या पुढे साक्रीच्या रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, तुझ्या मोठ्या भावाला सांगितलंय ना, सह्यांचं? "सांगितलं." काय म्हणाले? "बघू म्हणाले." बघू म्हणजे? त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "पुनम, लगेच कागदाचं काढू नकोस. जेवणं होऊ दे. आईला वाटतं घरातल्या घरात कागद म्हणजे अविश्वास." मी म्हटलं, परवा माझी रजा संपते. "बिनपगारी टाक की थोडी." बिनपगारी किती? पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर होता, तो ओलांडायला वेळ लागला. मी त्याच्या मानेकडे पाहत होते. न्हाव्याने नुकतीच कोरलेली, त्या रेषेवर एक घामाचा थेंब. या मानेमागे मी सात वर्षं मोटारसायकलवर बसले आहे. त्या क्षणी मला ती एखाद्या अनोळखी माणसाची वाटली नाही, हे वाईट होतं. ती त्याचीच वाटत होती.

घरी पोचलो तेव्हा रेवा रडत होती. ओसरीवर नवलभाऊ, माझे मोठे दीर, शेंगा निवडत बसले होते. होळी परवाच झाली होती. खांबाच्या खिळ्याला साखरेचे हार-कंगण टांगले होते, तीन मुलांचे तीन, तिसरा अगदी लहान. मी पिशवीतून बाटली काढेपर्यंत अक्का आतून आली, काही न बोलता माझ्या हातातून तिला घेऊन आत गेली. ती चालत गेली, पण ते पळणंच होतं. रडणं थांबलं. एकदम, मध्येच तोडल्यासारखं थांबलं. माझ्याकडे ते कधी असं थांबत नसे. बाटली तोंडात दिल्यावरही ती आधी दोनचार हुंदके द्यायची, मग लागायची. मी बाटली घेऊन आत गेले. अक्का जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. रेवा तिला लागली होती आणि गिळत होती. गिळण्याचा आवाज खोलीत स्पष्ट ऐकू येत होता. दुसऱ्या बाजूला ब्लाउजवर गोल ओला डाग पसरत होता आणि अक्काने तो तळहाताने दाबून धरला होता.

मी उभीच राहिले. मला दूध दिसत होतं आणि मी त्याचे दिवस मोजत होते. बाळ दूर गेलं आणि दूध निघालं नाही तर ते आटतं. आठवडा, दोन आठवडे. चव्वेचाळीस दिवस ते आपोआप राहत नाही. ते राहिलं आहे म्हणजे कोणीतरी ते रोज काढत आलं आहे, दिवसातून बऱ्याच वेळा, दुखत असताना, आणि टाकून देत आलं आहे. आणि माणूस असं का करतो? मूल परत येणार आहे हे त्याला ठाऊक असेल तरच. हा विचार माझ्या डोक्यात इतका स्वच्छ, पायरीपायरीने आला की मला स्वतःचीच भीती वाटली. मी विचारलं, "अक्का, कधीपर्यंत सांगितलं होतं तुम्हाला?" तिने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ होता, मग तो हळूहळू दुसऱ्या कशात तरी बदलला. "तुले माहीत नही?" ती म्हणाली. "भाऊजीस्नी सांगेल व्हतं, आखाजीलगून. तुले तीन महिना सुट्टी शे, तवलगून पोर तुनाजोडे राही, तुनं मन बरं व्हई. दूध आटू दिऊ नको, आईस्नी सांगं. रोज काढस मी. मोरीमा फेकी देस." ती थांबली. रेवाचा श्वास नाकातून फुसफुसत होता. "माले वाटनं, तुले बठ्ठं माहीत शे. मी म्हनं, कितली मोठी मननी बाई, परत देनं शे माहीत असीसन इतला जीव लावस."

आखाजीलगून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. या वर्षी ती तीस एप्रिलला होती. कॅलेंडरवरचा गोल पंचवीसचा. मध्ये पाच दिवस, मला तिला सोडायची सवय व्हावी म्हणून ठेवले असतील. मी ओसरीवर गेले. सासूबाई पाणी घेऊन आल्या होत्या. प्रेमराज भावाशेजारी बसून शेंग सोलत होता. गावी मी त्याला अहो म्हणते. सात वर्षं कधी चुकले नाही. मी म्हटलं, "प्रेमराज, तू यांना बारा आठवडे सांगितलेस?" सासूबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्याने शेंग खाली ठेवली. नाही म्हणेल, असं मला वाटलं होतं. मला त्याने नाही म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "तू जेवत नव्हतीस, पुनम. बोलत नव्हतीस. मला काही सुचत नव्हतं. कंपनीचं पुस्तक वाचलं, त्यात लिहिलेलं दिसलं, दत्तक घेतलं की बारा आठवडे भरपगारी. म्हटलं, तेवढे दिवस पोर जवळ राहील, तू सावरशील. मग कामावर जायची वेळ आली की तूच म्हणशील, सांभाळायला कोणी नाही, अक्काकडेच बरी." "मीच म्हणेन?" "असं वाटलं." "आणि नसतं म्हटलं तर?" त्याने पुढ्यातली सालं गोळा केली. "आणि कागद लागतो हे?" "मला काय माहीत. बाळंतपणाच्या रजेला कुठे कागद मागतात. वाटलं, अर्ज केला की मिळते."

म्हणजे ज्या रजेची मी दोनदा पोट धरून वाट पाहिली, तिचीच त्याने मोजपट्टी करून मला मूल मोजून दिलं होतं. अमुक इतकं दुःख, अमुक इतके आठवडे. मला चीड आली होती, पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं. त्याने माझ्यासाठी केलं होतं. काचेबाहेर उभं राहून त्याने बघितलं होतं, त्याला जे दिसलं त्यावर त्याने उपाय शोधला होता, आणि तो सगळ्यांना सांगितला होता. आईला, भावाला, भावजयीला. मुलांनाही सांगितला असेल. आजारी माणसाचा आजार घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतो, एकट्या त्यालाच सांगत नाहीत, तसं. त्या घरात चव्वेचाळीस दिवस एक मीच होते जिला ते मूल माझं वाटत होतं. त्या बाराव्या दिवशी ओटी भरताना जमलेल्या बायका गाणं म्हणत होत्या, त्यांच्यापैकी किती जणींना माहीत होतं?

नवलभाऊ म्हणाले, "बठ आधी. चहा ले." मी बसले नाही. पिशवीतून मसुदा काढून ओसरीवर ठेवला, वर वाऱ्याने उडू नये म्हणून बाटली ठेवली. सासूबाईंनी कागदाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. शेजारच्या ओट्यावर दोघी जणी उभ्या होत्या. "आते बोभाटा नको," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "ओटीमा मीच टाकेल शे तिले. दिन्ही म्हंजे दिन्ही. नवल, कर सही. कोकिळा, ये बाहेर." मी जिंकले होते. इतक्या सहज, एवढ्याशा लाजेपायी. नवलभाऊंनी खिशातून पेन काढलं, कागद गुडघ्यावर घेतला आणि वाचल्याशिवाय नाव लिहिलं. उद्या निबंधक कार्यालय, परवा लोटनभाऊ. परवा सतरा तारीख... नाही, उद्याच सतरा. मी चुकीचं मोजलं होतं, प्रेमराजलाही गाडीत चुकीचं सांगितलं होतं. तरी जमलं असतं. अक्का बाहेर आली. रेवा तिच्या खांद्यावर झोपली होती, तोंड उघडं, ओठाच्या कडेला दूध. तिने एका हाताने पेन घेतलं. रडली नाही, कोणाकडे पाहिलंही नाही. कागदावर वाकून तिने फक्त विचारलं, "कोठे करू?"

मी बोट ठेवून जागा दाखवली. खरंच दाखवली. माझं बोट त्या रेषेवर होतं आणि अक्काच्या ब्लाउजवरचा डाग माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होता, कडेला सुकत आलेला, मध्ये ओला. माझी बाजू खरी होती, मला फसवलं होतं, हे सगळं मला दिसत होतं. आणि हेही दिसत होतं, की ही सही झाली तर उद्या सकाळी ही बाई मोरीत बसेल, आणि या वेळी तिला कुठलीही तारीख दिलेली नसेल. मी तिच्या हाताखालून कागद ओढून घेतला. पेनाची एक लांब रेघ त्यावर उमटली. "राहू द्या, अक्का," मी म्हटलं. प्रेमराज उठून उभा राहिला, माझ्या जवळ येऊ लागला. मी म्हटलं, "तू इथेच थांब. मी एसटीने जाते." तो म्हणाला, "पुनम, ऐक तरी." त्याला उत्तर द्यायला खूप वेळ लागणार होता, आणि ते मला त्याच्या आईसमोर द्यायचं नव्हतं.

मग मी अक्काला आत नेलं आणि पाळी बदलताना देतात तसा चार्ज दिला. तिने मुलीची शाळेची वही घेतली, मागच्या पानावर लिहायला बसली. मी सांगत गेले. सहा आठवड्यांच्या लशी चार मार्चला झाल्या, कार्ड हे. पुढचं इंजेक्शन एक एप्रिलला. डाव्या मांडीला गाठ आली होती, ती विरत आली आहे. सकाळी सव्वापाचला उठते, मग साडेसातला. संध्याकाळी सहा ते सात उगाच रडते, तेव्हा भूक समजून पाजायचं नाही. झोपताना मान उजवीकडे टाकते, डोकं चपटं होईल, कूस बदलावी. पावडर बंद केल्यावर दोन दिवस शी पातळ होईल, घाबरू नका. अक्का लिहीत होती, अधूनमधून "थांब" म्हणत होती. तिचं अक्षर गोल आणि मोठं होतं. दोन मुलं वाढवलेली ती बाई माझ्याकडून हे सगळं उतरवून घेत होती, एकही ओळ न गाळता. मध्येच तिने माझा हात धरला आणि लगेच सोडला. एसटी अडीचची होती. परवापासून मी पहिल्या पाळीला जाईन, बारा आठवड्यांचा अर्ज मागे घेईन, लोटनभाऊ चष्मा वर चढवतील आणि या वेळी कारण मोठ्याने वाचणार नाहीत.

"आखो काही?" अक्काने विचारलं.

एक गोष्ट उरली होती. संध्याकाळच्या त्या रडण्यावर मला बाविसाव्या दिवशी उपाय सापडला होता. तिला आपल्या छातीवर पालथं घ्यायचं, आणि आपण तोंड न उघडता, अगदी खालच्या सुरात, पाण्याच्या टाकीची मोटर घुमते तसं घुमत राहायचं. छातीचा कंप तिच्या पोटाला लागला की ती दीड मिनिटात शांत व्हायची, डोळे उघडे ठेवून, ऐकत. हे मी प्रेमराजलाही सांगितलं नव्हतं. तो घरी यायच्या आत ते झालेलं असायचं.

"नाही," मी म्हटलं, "एवढंच."